पाण्याचा मुक्काम

सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्यास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि त्याच कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकास, शिरोळ तालुक्यात, त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पडतो. तथापि महापुराची झळ ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली, त्या गावांपैकी कितीतरी याच अल्पवृष्टीच्या तालुक्यातली आहेत. स्वतःच्या आभाळातून थेंबही न पडता येथील कुणब्याच्या बांधाला पाणी लागते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी पोटात घेऊन पंचगंगा पश्चिमेकडून येते. कराडास कोयना आणि हरिपुरास वारणा जिला मिळते, ती कृष्णा उत्तरेकडून येते. आणि दूधगंगा दक्षिणेच्या सीमेवरून कृष्णेकडे सरकते. डोंगरात एकाच आठवड्यात कोसळलेला पाऊस या सपाट, अत्यंत मंद उताराच्या मुलुखात एकत्र जमतो. आणि कृष्णा तुडुंब असली म्हणजे पंचगंगेला वाट मिळत नाही, तिचे पाणी मागे सरकू लागते. काठावरची माणसे त्यास ‘फूग’ म्हणतात. येथील पूर धावत येत नाही, तो फुगत जातो.

कृष्णा आणि पंचगंगा या दोन नद्यांच्या संगमावर नृसिंहवाडी वसली आहे. नृसिंह सरस्वतींच्या वास्तव्याने पावन झालेल्या या क्षेत्रात गाभाऱ्यात मूर्ती नाही, पादुका आहेत, आणि त्यांचे मंदिर बुद्धिपुरस्सर पाण्याच्या कक्षेत बांधल्यासारखे नदीला अगदी भिडून उभे आहे. पाणी चढत चढत पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले, की त्या प्रवाहात स्नान करण्यासाठी दूरदूरचे भाविक लोटतात. हाच दक्षिणद्वार सोहळा. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलविली जाते आणि पूजाअर्चेत खंड पडत नाही. ज्या समाजाने पुराला असे पर्वणीचे स्थान दिले, त्या समाजाला पुराची उंची, त्याचा वेग आणि त्याचा परतीचा काळ यांचे सूक्ष्म ज्ञान होते, असेच मला वाटते. ज्ञानावाचून असा विश्वास जडत नाही.

त्या ज्ञानाच्या खुणा धर्माप्रमाणेच शेतीतही आढळतात. पूर ओसरताना जो गाळ मागे राही, त्याने पोसलेल्या काठच्या जमिनीस मळी म्हणतात. कृष्णाकाठच्या वांग्यांची कीर्ती सर्व महाराष्ट्रात पसरली ती याच मळीच्या बळावर. पिके हंगामी होती. पुराने खरीप हिरावून नेला तरी त्याच ओलीवर रब्बी साधण्याची आशा असे. गुऱ्हाळघरातली उसाचा रस कढविण्याची काहील पावसाळ्यात होडी म्हणून पाण्यात उतरत असे आणि तीतून माणसे पैलतीराला जात. सुक्या भोपळ्यांची सांगड बांधून पोहून जाणारेही होते. धोका होताच, जीवही जात. परंतु बेत मोजून केलेला होता, कारण पाणी आले तसे जाईल असा भरवसा होता.

तो भरवसा अलीकडच्या काळात डळमळला आहे. 1989च्या पुरानंतर वरच्या अंगाच्या, करवीर तालुक्यातील प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या गावांना सोनतळीस भूखंड देण्यात आले. पुढे 2005चा महापूर आला आणि त्याची स्मृती मावळण्यापूर्वीच 2019चा ऑगस्ट उजाडला. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट मानतात. त्या साली पाणी 55 फूट 7 इंचांपर्यंत चढले, पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला आणि शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे होड्यांतून बाहेर काढावी लागली. अवघ्या दोन वर्षांनी, 2021च्या जुलैत, त्याच बंधाऱ्यावर पाणी 56 फुटांच्याही वर गेले.

दोष कोणाचा, या प्रश्नावर बोलणारे प्रथम कर्नाटकातील आलमट्टी धरणाकडे बोट दाखवितात. 2019नंतर शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे यांच्या समितीने मात्र अतिवृष्टीवर आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणांवर भर दिला, आलमट्टीवर नव्हे. त्या धरणाची पाणीपातळी 519.60 मीटरांवरून 524.256 मीटरांवर नेण्याची परवानगी कृष्णा लवादाने 2010 साली दिल्यापासून काठावरची भीती वाढली आहे आणि ती अनाठायी आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तरीही नदीच्या अंगावर आपण काय रचून ठेवले आहे, हा प्रश्न शेजारच्या राज्याला विचारण्याआधी स्वतःला विचारला पाहिजे. पूररेषेच्या आत घरे चढली, उंच भरावांच्या रस्त्यांनी पाण्याच्या आडव्या वाटा अडविल्या. हंगामी पिकांची जागा बारा-चौदा महिने शेतात उभ्या राहणाऱ्या उसाने घेतली. ऊस दोन-तीन दिवस पाण्यात तग धरतो. शेंडा बुडून पाणी आठवडाभर हटले नाही तर तो कुजतो, आणि त्यासवे सोसायटीचे कर्जही शेतकऱ्याच्या गळ्यात कुजत राहते.

पंचनामे होतात, सानुग्रह अनुदाने वाटली जातात, तलाठ्याच्या दफ्तरात नोंदी पडतात. त्या नोंदींत क्षेत्र असते, पीक असते, नुकसानीचा आकडा असतो. पाणी कोणत्या तारखेला गावठाणाच्या कोणत्या पायरीला लागले आणि किती दिवस तेथे राहिले, एवढे मात्र प्रत्येक गावाने आपल्या चावडीच्या भिंतीवर, 2019 आणि 2021 या दोन्ही सालांचे, पक्क्या अक्षरांत कोरून ठेवावे, आणि नवे घर बांधण्याची परवानगी देताना ग्रामपंचायतीने प्रथम त्या भिंतीकडे पाहावे.