गाडीतले मूळचे आणि मागाहूनचे

पोर्तुगीज राजवटीची शेवटची दहा-बारा वर्षे म्हटली की आपल्याकडच्या जुन्या बायकांना तीन गोष्टी हटकून आठवतात: विलायती साबण, स्विस घड्याळे आणि मोटारी. डिचोली, मये, शिरगाव, साखळी या पट्ट्यातले लोहखनिज 1950 नंतर जपान, जर्मनीकडे जाऊ लागले. डोंगर पोखरून काढलेली तांबडी माती नदीत उभ्या असलेल्या बार्जींत भरायची, मांडवीतून मुरगावला न्यायची आणि तिथून बोटीने परदेशी, असा तो मार्ग. या पैशातून जे आले त्यात गाड्याही होत्या. शेजारच्या भारतात तेव्हा परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक बंधने होती, तिकडे प्रामुख्याने कुर्ल्याची फियाट आणि कलकत्त्याची हिंदुस्थान मिळायची. गोव्यात मात्र मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन, मॉरिस थेट बोटीतून उतरत. मुक्तीनंतरही कितीतरी वर्षे पणजी-मडगावला डिझेलची मर्सिडीज टॅक्सी म्हणून धावत होती. मुंबईच्या पाहुण्यांना त्याचे केवढे अप्रूप!

पेडण्याची गोष्ट थोडी वेगळी. पेडणे आणि डिचोली दोन्ही नव्या काबिजादींतले महाल, पण पेडण्यात खाणींचा पैसा तसा आला नाही. नद्या आडव्या, फेरीबोटीशिवाय पलीकडे जाणे नाही. देशप्रभूंच्या वाड्यासारखी घरे सोडली तर गाडी ही लग्नात भाड्याने आणायची वस्तू. म्हणून तिथल्या घरांत गाडी नसली तरी गाडीचा फोटो असतो. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे या फोटोंचे काम आहे.

आता त्या गाड्यांची नातवंडे दुरुस्ती काढू लागली आहेत. माडाच्या झावळ्यांखाली तीस-तीस वर्षे पडून राहिलेले सांगाडे बाहेर निघतात, गंज खरवडला जातो आणि मग घराघरांत एकच वाद सुरू होतो. हा दिवा मूळचा की मागाहूनचा? हे इंजिन हिचेच का? पुरुषमंडळी हा वाद गॅरेजमध्ये घालतात. मला वाटते, तो अर्धा तरी आपल्या माजघरात सुटणारा आहे.

हा वाद नुसत्या हौसेचा राहिलेला नाही. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. म्हणजे ‘मूळचे’ या शब्दाला आता सरकारी वजन आले.

मग मूळचे ओळखायचे कसे? गाडी स्वतःच पुष्कळ सांगते. पहिली गोष्ट आकडे. फोक्सवॅगन बीटलचा चासी नंबर मागच्या सीटखाली, मधल्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. इंजिनाचा नंबर डायनामोच्या बैठकीपाशी. मर्सिडीजची पाटी बॉनेटखाली सापडते. त्यावर 120.110 असे असेल तर ती 180डी, 1954 ते 1962 मधली डिझेल गाडी. 121.110 असेल तर 190डी. हे नंबर उतरवून कंपनीच्या संग्रहाला विचारले की गाडी कोणत्या रंगाची, कोणत्या सामानानिशी कारखान्यातून निघाली त्याची नोंद मिळू शकते. फोक्सवॅगनसाठी वोल्फ्सबुर्गचे मोटार संग्रहालय चक्क जन्मदाखला देते!

दुसरी गोष्ट सुट्या भागांवरच्या खुणा. जुन्या जर्मन दिव्यांच्या काचेवर लाटेसारखी खूण, तिच्यापुढे ‘के’ हे अक्षर आणि आकडा असतो. गोलात ‘ई’ आणि शेजारी 1 असा शिक्का दिसला तर तो 1958 च्या आंतरराष्ट्रीय करारानंतरचा. 1955 च्या गाडीवर हा शिक्का असेल तर काच बदललेली आहे, घरातले कितीही शपथा घेवोत. इंग्रजी गाड्यांच्या ल्युकास कंपनीच्या भागांवर बहुधा महिना आणि साल ठोकलेले सापडते. ते साल गाडीच्या जन्माच्या थोडे आधीचे हवे. पाच वर्षे नंतरचे असेल तर तो भाग पाहुणा. पानेसुद्धा बोलतात. जर्मन-इटालियन गाडीला मिलिमीटरचा पाना लागतो, इंग्रजी गाडीला इंचाचा. एकाच गाडीत दोन्ही लागायला लागले की समजावे, मधे कुणाचा तरी हात फिरला आहे.

तिसरी गोष्ट रंग. जुनी साडी उन्हाने विटली तरी निऱ्यांच्या आतल्या घडीत मूळ रंग तसाच राहतो, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. गाडीचेही तसेच. डॅशबोर्डच्या मागे, दाराच्या बिजागरीखाली, सीटच्या गोटाच्या आत बघा. बाहेरून तीनदा रंगवलेली गाडी तिथे पहिला रंग जपून ठेवते. एखाद्या कोपऱ्यात बारीक पॉलिश पेपरने हलके घासले तर चिरोट्याचे पदर सुटावेत तसे एकाखाली एक रंग दिसतात.

आता खास आपल्या गोव्याची एक खूण. पोर्तुगालने 1928 साली डावी बाजू सोडून रस्त्याची उजवी बाजू धरली, पण गोव्यात वाहने डावीकडूनच चालत राहिली, कारण शेजार ब्रिटिश हिंदुस्थानाचा. त्यामुळे इथे येणाऱ्या गाड्यांचे स्टिअरिंग उजवीकडे. आज कुणी हौसेने जर्मनीहून ‘अस्सल’ दिवे मागवतो, पेटीवर कंपनीचा शिक्का असतो, माल खरा असतो आणि तरी तो या गाडीला चुकीचा असतो. उजवीकडून चालणाऱ्या देशाच्या दिव्याची काच प्रकाश रस्त्याच्या उजव्या कडेला फेकते. इथे तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाईल. डॅशबोर्ड, पेडल, वायपरची जोडणी यांनाही हेच लागू. अस्सल आणि योग्य हे एकच नव्हे. भाग खऱ्या कंपनीचा हवा, त्या सालचा हवा आणि त्या रस्त्याचाही हवा.

आमच्या नात्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका घरची हकीकत सांगते. त्यांची बीटल ‘1959 ची कोरी, लग्नात आणलेली’ अशी तीन पिढ्यांची ख्याती. नातवाने दुरुस्ती काढली तेव्हा मागची काच पाहिली, ती लंबगोल होती. बीटलच्या मागच्या काचेचा हिशेब सोपा आहे. मार्च 1953 पर्यंत ती दोन तुकड्यांची, नंतर 1957 च्या मध्यापर्यंत लंबगोल आणि त्यापुढे मोठी चौकोनी. म्हणजे लंबगोल काचेची गाडी 1959 मध्ये कोरी असणे शक्य नाही. घरात चिडीचूप शांतता पसरली. आजेसासूबाई तेव्हा नव्वदीच्या. त्या खाटेवरूनच म्हणाल्या, “अगो, जुनीच घेतली होती ती. व्याह्यांना सांगायचे नव्हते एवढेच.”

साठ वर्षे पोटात ठेवलेली गोष्ट एका काचेने बाहेर काढली! कुणी हसले, कुणाला थोडे लागले. पण आजींचा चेहरा मोकळा झाला, असे त्यांच्या नातसुनेने मला सांगितले.

पुढे त्यांनी लग्नाचा आल्बम काढला. फोटोत दाराच्या खांबातून बाहेर आलेला लहानसा हात दिसतो, वळायची खूण करणारा. जुन्या बीटलना 1960 पर्यंत असेच हात असत, लुकलुकणारे दिवे नंतर आले. प्रत्यक्ष गाडीवर मात्र ते हात नव्हते. खांबावर बोट फिरवले तेव्हा रंगाखाली जोडाची रेघ लागली. भोक पत्रा लावून बुजवलेले होते. फोटो नसता तर नातवाने तो गुळगुळीत खांबच मूळचा समजून रंगवला असता. गॅरेजमध्ये सापडले नाही ते शालूच्या पेटीतल्या आल्बममध्ये सापडले.

त्याच गाडीच्या दाराच्या कडीत पितळेचा एक बुश निघाला, हाताने कातलेला. मूळचा नव्हेच. मुक्तीनंतर परदेशी सुटे भाग येणे बंद झाले तेव्हा कुठल्याशा कारागिराने लेथवर तो बनवला असणार. नातू तो टाकायला निघाला. वयस्क मेस्त्री म्हणाला, “बाबा, हा टाकू नकोस. कंपनीचा पार्ट पाच वर्षांत गेला, हा पन्नास वर्षे चालला.”

मला वाटते, सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे. 1961 च्या 19 डिसेंबरनंतर या गाड्यांचे माहेर तुटले. वोल्फ्सबुर्ग, तोरिनो, ऑक्सफर्डहून येणारे सामान थांबले. मग तोरिनोच्या फियाटला कुर्ल्याचे भाग लागले, मॉरिस ऑक्सफर्डला अँबॅसडरचे, कारण अँबॅसडर ही त्याच मॉरिसची लेक. कुणी मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवले. हे भाग कारखान्याच्या हिशेबाने चुकीचे, यात शंका नाही. पण ते लबाडीने बसवलेले नाहीत. गाडी चालू राहावी, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला उपयोगी पडावी म्हणून बसवले. गोव्याचा 1961 नंतरचा इतिहास त्यांच्यावर लिहिलेला आहे.

मग करायचे काय? जुन्या वाहनांची ‘फिवा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने 2012 साली तोरिनोची सनद म्हणून एक मार्गदर्शक मान्य केले. जुन्या वास्तूंसाठी 1964 साली झालेल्या व्हेनिसच्या सनदेवर ते बेतलेले आहे. त्याचा सारांश आपल्या भाषेत असा की शक्यतो जपा, अगदीच गरज पडली तर बदला, बदलले ते ओळखू येईल असे ठेवा आणि सगळ्याची नोंद करा. कुडण्याच्या जैन बसदीपाशी उभे राहिले की मला हेच वाटते. जांभ्याचा जुना चिरा कोणता आणि मागाहून बसवलेला कोणता, हे पुढच्या माणसाला कळले पाहिजे. नव्याला जुना म्हणून खपवला की दोन्हींची किंमत जाते.

म्हणून माझे मत सांगते. मूळचा भाग मिळाला तर जरूर लावावा, सरकारी नोंदणीसाठी तर लावावाच लागेल. पण काढलेला भाग भंगारात घालू नये. त्याला सुतळीने चिठ्ठी बांधावी: कोणत्या गाडीतून, कुठून, कोणत्या दिवशी काढला. आणि नवा बनवलेला भाग लावला असेल तर तसे लिहून ठेवायला लाजू नये. जुने म्हणून नवे दाखवणे हे गाडीच्या बाबतीतही खोटे बोलणेच आहे.

आणि बायांनो, आपले काम त्याच्याही आधीचे आहे. गाडीची पोर्तुगीज काळातली नोंदपुस्तिका, जिला ते लिव्रेत म्हणत, जकातीची पावती, मुक्तीनंतर ‘जीडी’ने सुरू होणारा नवा नंबर मिळाल्याचा कागद, पेट्रोलच्या खर्चाची वही, हे सगळे पुरुषांच्या कपाटात क्वचितच सापडते. ते असते आपल्या ट्रंकेत, पत्रिकांच्या आणि बारशाच्या याद्यांच्या मधे. दिवाळीच्या साफसफाईत असा कागद हाती लागला तर वाचता येत नाही म्हणून फेकू नका. लग्नाच्या फोटोत नवरा-नवरीच्या मागे गाडी असेल तर त्या फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने साल, गाव आणि गाडी कुणाची होती ते लिहा. पेडण्यात भाड्याने आणलेली असेल तर तसेही लिहा. त्या गाडीचा आजचा मालक कदाचित हाच फोटो शोधत असेल.

आणि घरात नव्वदीची आजी असेल तर तिला आजच विचारा. नंबर पत्र्यावर ठोकलेला असतो, तो आणखी वीस वर्षांनीही वाचता येईल. ती गाडी कुणाकडून घेतली, किती पैसे उसने काढले आणि पहिल्यांदा तिच्यात कोण बसले, हे मात्र तिलाच ठाऊक आहे.