शालेय शिक्षणातील डिजिटल साक्षरता : धोरण, वाटचाल आणि वास्तव

मोबाइल हाताळता येणे आणि डिजिटलदृष्ट्या साक्षर असणे यांत मोठे अंतर आहे. संगणक, मोबाइल व इंटरनेट यांच्या साहाय्याने हवी ती माहिती शोधणे, तिची सत्यता पडताळणे, तिचा योग्य उपयोग करणे, स्वतः नवे काही घडविणे आणि हे करताना स्वतःची व इतरांची सुरक्षितता जपणे, या क्षमतांच्या समुच्चयास डिजिटल साक्षरता म्हणतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिचा समावेश प्रत्येक विद्यार्थ्याने आत्मसात करावयाच्या कौशल्यांत केला आहे.

पूर्वपीठिका

भारतीय शाळांत संगणकाचा प्रवेश १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या प्रकल्पाद्वारे झाला. निवडक शाळांना त्या वेळी ‘बीबीसी मायक्रो’ संगणक देण्यात आले होते. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राने शाळांतील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची स्वतंत्र योजना सुरू केली; २०१० मध्ये ती सुधारण्यात आली आणि २०१८ पासून ती ‘समग्र शिक्षा’ अभियानाचा भाग बनली. या प्रदीर्घ काळात भर प्रामुख्याने यंत्रसामग्रीवर राहिला. संगणक कक्ष उभे राहिले. पण प्रशिक्षित शिक्षक व देखभाल यांच्या अभावी अनेक ठिकाणी ते कुलूपबंदच राहिले.

केरळचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी@स्कूल’ प्रकल्पात तेथे शिक्षकांनाच प्रशिक्षक म्हणून तयार करण्यात आले, मुक्त सॉफ्टवेअरचा अंगीकार झाला आणि संगणक हे इतर विषय शिकविण्याचेही साधन ठरले. २०१७ मध्ये या प्रकल्पाचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले.

धोरणातील तरतुदी

नव्या धोरणाने दहा अधिक दोन या जुन्या रचनेऐवजी पाच, तीन, तीन व चार वर्षांच्या टप्प्यांची रचना स्वीकारली. त्यातील मध्यम टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, कोडिंगशी संबंधित उपक्रम सुचविले आहेत. डिजिटल साक्षरता, कोडिंग आणि संगणकीय विचारपद्धती यांचा उल्लेख धोरणात एकत्र येतो. धोरणाचे तेविसावे प्रकरण शिक्षणातील तंत्रज्ञानाच्या वापरास, तर चोविसावे ऑनलाइन शिक्षणास वाहिलेले आहे. डिजिटल दरी बुजविल्याखेरीज ऑनलाइन शिक्षणाचा लाभ सर्वांना मिळणार नाही, हे धोरण मान्य करते. त्यासाठी दूरचित्रवाणी व आकाशवाणीचा वापर, शिक्षकांचे प्रशिक्षण, विविध भाषांतील पाठ्यसामग्री असे उपाय त्यात आहेत. विद्यार्थ्यांना उपकरणांचे व्यसन जडते काय, याचा अभ्यास व्हावा, असेही धोरण सुचविते.

५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेले ‘दीक्षा’ हे व्यासपीठ पाठ्यसामग्री व शिक्षक प्रशिक्षणाचे प्रमुख माध्यम आहे. मे २०२० मध्ये त्यास ‘पीएम ई-विद्या’ उपक्रमाची जोड मिळाली. माध्यमिक शिक्षण मंडळांपैकी सीबीएसईने २०१९-२० पासून नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय उपलब्ध केला.

आकड्यांतील वास्तव

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील केवळ १०.७ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. शहरी भागात हे प्रमाण २३.४, तर ग्रामीण भागात ४.४ टक्के होते. शाळांची स्थिती अलीकडे सुधारली असली, तरी ‘यूडायस प्लस’च्या २०२३-२४ च्या अहवालानुसार इंटरनेट सुविधा ५३.९ टक्के शाळांतच होती.

मोबाइलचे चित्र वेगळे आहे. ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, असे ‘असर’ २०२४ च्या पाहणीत आढळले. मात्र आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी मुले ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के होती. त्याच संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत, फोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयोगटातील ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता; मुलींत हे प्रमाण १९.८ टक्केच होते. भावाच्या वा वडिलांच्या फोनवर अवलंबून असलेल्या मुलीसाठी शाळेतील संगणक ही सरावाची एकमेव जागा ठरू शकते. म्हणूनच त्या कक्षाचे कुलूप उघडे असणे ही किरकोळ बाब नव्हे.

गोव्यातील स्थिती

गोव्याने ‘सायबरएज’ योजनेद्वारे उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचविण्याचा प्रयत्न फार पूर्वी केला. आता मुख्यमंत्री कोडिंग व रोबोटिक्स शिक्षण योजनेखाली सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना हे विषय शिकविले जातात. धोरणाने सुचविलेला टप्पाही हाच. तथापि, २०२० च्या टाळेबंदीत सत्तरी, सांगे यांसारख्या तालुक्यांतील मुलांना ऑनलाइन वर्गासाठी नेटवर्क शोधत डोंगरमाथा गाठावा लागला होता. छोट्या राज्यातही दरी किती रुंद असू शकते, हे त्या दिवसांत दिसले.

भाषेचा प्रश्नही येथे महत्त्वाचा आहे. शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे, असे धोरण म्हणते. गोव्यात प्राथमिक स्तरावर मराठी वा कोकणीतून शिकलेले मूल माध्यमिक शाळेत बहुधा इंग्रजीकडे वळते आणि संगणकाची ओळखही त्यास इंग्रजीतूनच होते. युनिकोड व इन्स्क्रिप्ट कळफलकामुळे देवनागरीत लिहिणे कठीण राहिलेले नाही. ते शिकविण्यासाठी वेळापत्रकात स्वतंत्र तासिका मात्र हवी. स्वतःच्या भाषेत टंकलेखन करू न शकणारा विद्यार्थी इंटरनेटवर वाचक राहतो, लेखक होत नाही.

सुरक्षितता आणि विवेक

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरविली आहे. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक उपलब्ध आहे. या बाबी पाठ्यक्रमात असणे जितके आवश्यक, तितकाच त्यांचा सरावही. शिष्यवृत्तीच्या नावाने आलेला दुवा उघडण्यापूर्वी संकेतस्थळाचा पत्ता तपासणे, छायाचित्राचा मूळ स्रोत शोधणे, परवलीचा शब्द व ओटीपी कोणालाही न सांगणे हे पाठांतराने येत नाही. वर्गात प्रत्यक्ष करून पाहिल्यानेच अंगवळणी पडते.

धोरणाचे यश वाटलेल्या टॅबलेटच्या संख्येवरून मोजणे सोपे आहे. दहावी उत्तीर्ण झालेली मुलगी सरकारी अर्ज स्वतः भरू शकते का, खोटी बातमी पुढे पाठविण्याआधी थांबते का, आणि घरातील वडीलधाऱ्यांना फसवणुकीपासून सावध करू शकते का, हे पाहणे अधिक कठीण असले, तरी खरी कसोटी तीच आहे.