टोपीवरचे तीन ठिपके

डावीकडून घिरटी घालून उतरणाऱ्या वैमानिकाला शेवटचं वळण नेमकं कधी घ्यायचं, हे समोरच्या काचेतून कळत नाही. धावपट्टी त्याच्या डाव्या खांद्यामागे असते. तो मान वळवतो, एक नजर टाकतो आणि विमान वळवतो. घरच्या संगणकावर विमान उडवणाऱ्याची गाडी इथेच अडते. त्याचं सगळं आकाश टेबलावरच्या पडद्यात मावलेलं असतं, त्यामुळे मान वळवली की आकाशच नजरेआड होतं.

ब्रूस आर्टविक यांचा फ्लाइट सिम्युलेटर आधी ॲपल टूवर आला आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्टने तो आयबीएम पीसीवर आणला. त्यानंतर जवळपास वीस वर्षं या अडचणीवर एकच तोड होती, ती म्हणजे बटणं. एक कळ दाबली की डावीकडचं दृश्य, दुसरी दाबली की मागचं. पुढे जॉयस्टिकच्या माथ्यावर अंगठ्याने फिरवायची घुंडी आली. १९९१ च्या 'फाल्कन ३.०'मध्ये तर शत्रूच्या विमानाला नजर जखडून ठेवायची सोय होती. तरीही पाहण्याचं काम बोटांकडेच राहिलं. डोक्याची हालचाल टिपणाऱ्या हेड ट्रॅकरने ते मानेकडे परत दिलं, आणि म्हणूनच मला सिम्युलेटरच्या सगळ्या उपकरणांत ही चिमुकली डबी सर्वांत मोलाची वाटते. तिच्याविषयी तक्रारीही तितक्याच ऐकू येतात: दृश्य थरथरतं, मधेच उडी मारतं, हळूहळू एका बाजूला सरकत जातं किंवा गोठून बसतं. यातल्या बहुतेक तक्रारी मोडतोडीच्या नसतात. डबी ज्या कुळात जन्मली त्या कुळाचे ते गुण आहेत, म्हणून दुरुस्तीला बसण्याआधी तिची वंशावळ पाहिलेली बरी.

मूळ पुरुष शोधायला १९६१ सालात जावं लागतं. अमेरिकेतल्या फिल्को कंपनीच्या कॉमो आणि ब्रायन या अभियंत्यांनी 'हेडसाइट' नावाची यंत्रणा बांधली. शिरस्त्राण घातलेल्या माणसाने मान वळवली की दूर ठेवलेला टीव्ही कॅमेरा त्याच दिशेला वळे. सात वर्षांनी, १९६८ मध्ये, आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायच्या त्रिमिती पडद्यावरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. डोकं कुठे आहे हे मोजायला त्यांनी दोन वाटा चोखाळल्या होत्या. एक वाट म्हणजे छतापासून डोक्यापर्यंत आलेला सांध्यांचा दांडा. त्याच्या धास्तीदायक रूपामुळेच त्याला 'डॅमोक्लिसची तलवार' हे नाव पडलं. दुसरी वाट श्राव्यातीत ध्वनीची: डोक्यावर तीन प्रक्षेपक, छताला चार ग्राहक. ध्वनीची पद्धत डोक्याच्या जागेतला बदल अचूक टिपायची, पण त्यासाठी सुरुवातीची जागा नक्की ठाऊक असावी लागे. आजही प्रत्येक हेड ट्रॅकरला 'आता मी सरळ पाहतोय' असं सांगणारी एक कळ नेमून द्यावी लागते. दृश्य कलतं राहिलं तर सेटिंग्ज उलटसुलट करण्याआधी खुर्चीत नीट बसून ती कळ दाबावी. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

लष्कराला हीच गोष्ट निशाण्यासाठी हवी होती. कोब्रा हेलिकॉप्टरमध्ये शिरस्त्राण छताखालच्या दांड्यांना जोडलेलं असे आणि पाहावं तिकडे तोफ वळे. पुढे अपाचे हेलिकॉप्टरमध्ये हे काम दांड्यांवाचून, प्रकाशावर होऊ लागलं. पोलहेमस नावाच्या कंपनीने चुंबकीय क्षेत्राचा मार्ग धरला, पण आसपासच्या धातूने ते क्षेत्र वेडंवाकडं होई आणि त्याची आकडेमोड करून भरपाई करावी लागे. सोव्हिएत मिग-२९ मध्ये वैमानिकाच्या शिरस्त्राणाची दिशा प्रकाशाच्या साहाय्याने मोजून तिकडे आर-७३ क्षेपणास्त्र रोखण्याची सोय होती. हे विमान भारतात आलं ते १९८७ साली, पुण्याच्या लोहगाव तळावर. डोकं वळवून नेम धरणारी ही विद्या पुण्याच्या आकाशात तेव्हापासून वावरत होती. पुण्यातल्या एखाद्या घरातल्या टेबलावर ती यायला मात्र आणखी बरीच वर्षं जावी लागली.

टेबलावर ती आली वेगळ्याच दारातून, आणि या कथेतला मला सर्वांत भावणारा भाग तो आहे. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या कॉर्व्हॅलिस गावची नॅचरलपॉइंट ही कंपनी हात चालवू न शकणाऱ्या माणसांसाठी माऊस बनवत होती. कपाळावर चमकणारा एक ठिपका चिकटवायचा, पडद्यावर ठेवलेला छोटा कॅमेरा तो पाहतो, आणि डोकं हलवलं की पडद्यावरचा बाण हलतो. तोच कॅमेरा थोडाफार बदलून २००१ साली 'ट्रॅकआयआर' या नावाने खेळाडूंसमोर आला. अपंगांच्या सोयीसाठी घडलेली वस्तू हौशी वैमानिकांच्या हाती पडली आणि खेळांच्या जगात तिचं नाव झालं. तिच्या मूळ हेतूची आठवण मात्र फार थोडे जण ठेवतात.

कॅमेऱ्याभोवतीचे दिवे अवरक्त प्रकाश टाकतात. ठिपक्यावरची पट्टी तो आला त्याच दिशेने परत पाठवते, अगदी रस्त्यावरच्या फलकांसारखी. डोळ्यांना हा उजेड दिसत नाही, म्हणून खोलीत अंधार असला तरी खेळ चालतो. पण सूर्यप्रकाशात अवरक्त किरण भरपूर असतात, आणि जुन्या पद्धतीच्या तारेच्या बल्बमध्येही. दुपारी पश्चिमेची खिडकी उघडी राहिली की कॅमेऱ्याला तीनऐवजी पाच ठिपके दिसू लागतात. चष्म्याची काच, हेडफोनची चकचकीत कड, दारामागे टांगलेल्या दप्तरावरची चमकती पट्टी, सगळीच उजेड परत फेकतात. दृश्य उडी मारतं ते बहुतेक वेळा यामुळेच.

सुरुवातीला ठिपका एकच होता. तो वरखाली आणि डावीउजवीकडे झालेली हालचाल सांगे, पण डोकं तिरकं झालं की पुढे आलं, हे त्याला सांगता येत नसे. त्यासाठी तीन ठिपके लागले आणि तिथे या डबीला एक फार जुना पूर्वज भेटला. १८४१ साली योहान ऑगस्ट ग्रूनर्ट या जर्मन गणितज्ञाने मोजणीदारांच्या एका प्रश्नाचं उत्तर मांडलं होतं. परस्परांतली अंतरं ठाऊक असलेल्या तीन खुणा एका ठिकाणाहून दिसत असतील, तर ते ठिकाण नेमकं कुठे? पुढे विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून कॅमेऱ्याची जागा ठरवायला हेच गणित कामी आलं. हेड ट्रॅकर तेच उलटं वापरतो. कॅमेरा जागचा हलत नाही, हलतात त्या खुणा. १९९२ मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या डिमेंथन आणि डेव्हिस यांनी खुणांवरून वस्तूची स्थिती काढण्याची अतिशय आटोपशीर पद्धत दिली. तिचं वर्णन त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच 'पंचवीस ओळींचा प्रोग्राम' असं केलं होतं. घरगुती ट्रॅकरच्या कित्येक प्रोग्राममध्ये त्या धर्तीचं गणित चालतं.

या गणितात एक खोच आहे. तीन खुणांवरून निघणारी उत्तरं एकाहून अधिक असू शकतात, जास्तीत जास्त चार. ठिपक्यांचा त्रिकोण कॅमेऱ्याला अगदी सरळ सामोरा असला, तर डोकं किंचित वर झालं की किंचित खाली, हे चित्रावरून ओळखणं अवघड होतं. खेळात डोकं अचानक पाठीमागे कलंडतं ते या घोटाळ्यामुळे. म्हणूनच टोपीला किंवा हेडफोनला लावायच्या क्लिपवरचे तीन ठिपके पुढेमागे लावलेले असतात आणि कॅमेरा पडद्याच्या वरच्या कडेवर, थोडा खाली वाकवून ठेवायला सांगतात. गणिताला ठिपक्यांमधली खरी अंतरं लागतात. टोपीवरची क्लिप लावायची आणि प्रोग्राममध्ये हेडफोनची क्लिप निवडायची, असं झालं तर मान वळवताना डोकं बाजूला सरकल्यासारखं वाटतं. स्वतः बनवलेली क्लिप असेल, तर मिलिमीटरची मोजपट्टी घेऊन अंतरं मोजावीत आणि जशीच्या तशी भरावीत.

थरथर मात्र मूळ कल्पनेतच आहे. नजर पडद्यावर ठेवूनच मान वळवायची असल्यामुळे खरी मान दहा-पंधरा अंश वळते आणि खेळातली नव्वदच्या पुढे जाते. हालचाल अशी कित्येक पट वाढवली की कॅमेऱ्यातला बारीकसा गोंधळही तितकाच वाढतो. तो गाळून टाकायला गाळणी लावली तर दृश्य मागे रेंगाळू लागतं. २०१२ मध्ये कॅसिए, रूसेल आणि वोगेल यांनी 'वन यूरो फिल्टर' मांडला. डोकं स्थिर असताना तो जास्त गाळतो, वेगाने फिरताना कमी. असाच परिणाम हाताने साधायचा असेल तर, मान किती वळली की दृश्य किती वळावं हे ठरवणाऱ्या प्रोग्राममधल्या वक्ररेषेला मध्यभागी मंद उतार ठेवावा आणि कडेला चढ वाढवावा. मधे अगदी सपाट ठेवणाऱ्यांची नजर त्या जागेतून बाहेर पडताना धक्का खाते. मंद उतार केव्हाही चांगला.

२००७ सालच्या डिसेंबरमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जॉनी चुंग ली या विद्यार्थ्याने निन्टेन्डो वीचा रिमोट टीव्हीजवळ ठेवला, चष्म्याला दोन अवरक्त दिवे लावले आणि डोक्याबरोबर बदलणारं दृश्य एका व्हिडिओत दाखवलं. तो व्हिडिओ जगभर पाहिला गेला. त्याच सुमारास 'फ्रीट्रॅक' आणि नंतर 'ओपनट्रॅक' हे फुकट प्रोग्राम आले. हौशी लोकांनी साध्या वेबकॅममधली अवरक्त प्रकाश अडवणारी काच काढून टाकली आणि तिच्या जागी फ्लॉपीची काळी चकती किंवा धुतलेल्या फिल्मचा काळा तुकडा बसवला. दृश्य उजेड त्यातून जात नाही, अवरक्त जातो. असे अवरक्त दिवे पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. दिवा पेटलाय का हे डोळ्यांना कळत नाही. मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर रोखला तर बहुधा जांभळट ठिपका दिसतो.

फुकट प्रोग्रामांनी एक वेगळी अडचण मात्र जन्माला घातली. बहुतेक खेळ डोक्याची माहिती नॅचरलपॉइंटच्या ठरावीक फाइलमार्फत घेतात, आणि ती फाइल कुठे आहे हे विंडोजच्या नोंदवहीत लिहिलेलं असतं. दुसरा प्रोग्राम बसवला की ती नोंद बदलते, काढून टाकला की कधीकधी जुनाच पत्ता राहतो. ट्रॅकरच्या खिडकीतलं डोकं डुलतंय आणि खेळातलं ढिम्म आहे, असं दिसलं की कॅमेऱ्याला हात लावू नका. ट्रॅकरचा प्रोग्राम पुन्हा बसवा, खेळाच्या आधी सुरू करा, आणि खेळ प्रशासकाच्या अधिकाराने चालत असेल तर ट्रॅकरही तसाच चालवा.

आता ठिपकेही नकोसे झाले आहेत. साध्या वेबकॅममधून चेहरा ओळखून डोक्याची दिशा काढणारे प्रोग्राम फुकट मिळतात. त्यांच्याबाबतीत जुनं दुखणं नेमकं उलटं झालंय: पूर्वी उजेड नको होता, आता तोंडावर उजेड हवा. अंधाऱ्या खोलीत कॅमेरा एकेक चित्र टिपायला जास्त वेळ घेतो आणि नजर मागे पडते. ट्रॅकर म्हणून मोबाइल डोक्याला बांधणाऱ्यांना वेगळाच त्रास होतो. फोनमधल्या जायरोस्कोपला वर-खाली गुरुत्वाकर्षणाचा आधार असतो, डाव्या-उजव्या बाजूला तसा आधार नसतो, त्यामुळे दृश्य हळूहळू एका कडेला वाहत जातं.

तेव्हा 'बिघडला' म्हणून डबी अडगळीत टाकण्याआधी एवढं करा. पडदा ओढा, चष्मा क्षणभर उतरवा, केबल हबमधून काढून थेट संगणकाला लावा, आणि प्रोग्राममधली कॅमेऱ्याची खिडकी उघडा. काळ्या पार्श्वभूमीवर ठिपके मोजा. तीनच असतील आणि डोकं हलवताना तीनच राहत असतील, तर तुमचा कॅमेरा शाबूत आहे. दोष सेटिंग्जमध्ये शोधा.