नाव नसलेले जुने दमुई : ओळख, डागडुजी आणि वापर



अश्दोद-अश्केलोनकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कित्येकांना समुद्राची ओढ आहे. कोकण सुटलं तरी मासळीची आवड काही सुटली नाही. रिटायर झाल्यावर दोघं-तिघं मिळून एखादी छोटी बोट भागीत घेतात आणि शुक्रवारी पहाटे, शब्बाथच्या आधी, दोन तास समुद्रावर जाऊन येतात. नवा सामान महाग. मग कोणी यफोच्या शूक हपिशपेशिममधून जुन्या दमुईंचा डबा आणतो, तर कोणाला दिवंगत शेजाऱ्याच्या घरातून मिळतो. डब्यातले निम्मे दमुई असे असतात की त्यांवर ना कंपनीचं नाव, ना नंबर. मला हमखास विचारलं जातं, "हा कशाचा आहे? किती खोल जातो? किती स्पीडला ओढायचा?"

गेली बरीच वर्षं मी असेच डबे घेत आलो आहे. माझा अनुभव एवढाच की नाव नसलं तरी बिघडत नाही. दमुईची खोली आणि स्पीड त्याच्या अंगावर लिहिलेली असते, फक्त वाचता आली पाहिजे. मात्र त्याची ताकद वरून दिसत नाही. ती तपासावीच लागते.

थोडे शब्द

दमुई म्हणजे नकली मासा, इंग्रजीत लुअर. चालत्या बोटीमागे तो ओढत नेणं म्हणजे ट्रोलिंग, हिब्रूत ग्रिरा. दोरीला मी आपला जुना शब्द तंगूस वापरतो. बोटीचा वेग नॉटमध्ये दिला आहे. १ नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किलोमीटर.

आधी चार ढीग करा

डबा टेबलावर रिकामा करायच्या आधी जाड हातमोजे घाला. एकमेकांत अडकलेले गळ ओढून सोडवू नका, जुने गळ सरळ कटरने कापून टाका. ते तसेही बदलायचेच आहेत. मग चार ढीग करा.

१. ओठवाले : नाकाखाली प्लास्टिकची किंवा पत्र्याची जीभ असलेले.
२. झालरवाले : पुढे कडक डोकं आणि मागे रबराची झालर, माकुलासारखे.
३. पत्र्याचे चमचे : वाकवलेला चकचकीत धातू.
४. बाकीचे.

चौथ्या ढिगात सांभाळून राहा. लांबट, जड, शिशाचा चपटा तुकडा असेल तर तो बहुतेक जिग आहे. तो बोट थांबवून वर-खाली हलवायचा असतो. मागे ओढला तर गरगर फिरतो आणि तंगुसाला पीळ घालतो. ओठ नाही पण तोंड वाटीसारखं खोलगट आहे, असा दमुई पॉपर असतो. तो फेकून पाण्यावर आपटत आणायचा. हे दोन्ही ट्रोलिंगसाठी नाहीत, बाजूला ठेवा.

ओठ वाचायला शिका

ओठवाल्या दमुईची सगळी गोष्ट ओठात आहे. तीन गोष्टी बघा.

लांबी : ओठ जितका लांब-रुंद, तितका तो जास्त खोल जातो.

कोन : ओठ अंगाशी जवळजवळ काटकोनात खाली वळलेला असेल तर दमुई वरच्या पाण्यात, साधारण १ ते २ मीटरवर चालतो. ओठ नाकाच्याच रेषेत पुढे आलेला असेल तर तो खोल जाणारा, मोठा असल्यास ५ ते ८ मीटरपर्यंत.

कडी : तंगूस बांधायची कडी नाकावर असेल तर उथळ, ओठाच्या मधोमध असेल तर खोल.

हे आकडे अंदाजाचे आहेत. जास्त तंगूस सोडला तर दमुई अधिक खोल जातो, जाड तंगुसाने वर राहतो. नक्की खोली काढायची असेल तर सोपा उपाय आहे. आपल्या दक्षिण किनाऱ्याला पुष्कळ ठिकाणी वाळूचा तळ आहे. डेप्थ साउंडर बघत आधी ८ मीटर पाण्यात ओढा, मग ७, मग ६ असं हळूहळू उथळात या. काठीचं टोक ठकठक हलायला लागलं की दमुई वाळूला टेकला. तीच त्याची खोली. खडकावर हा प्रयोग करू नका, दमुई गमवाल.

तरंगतो की बुडतो?

बादलीत समुद्राचं पाणी घ्या. नळाचं नको, कारण खाऱ्या पाण्यात वस्तू जास्त तरंगते. गळ लावूनच दमुई टाका. तरंगणारा असेल तर बोट थांबल्यावर वर येतो, खडकाळ भागात तो बरा. बुडणारा असेल तर वळण घेताना वेग कमी करू नका, नाहीतर तळाला जाऊन अडकेल.

बादलीतून काढल्यावर कानाशी हलवून बघा. आत गोळ्या खुळखुळत असतील तर ठीक, त्या मुद्दाम घातलेल्या असतात. पण पाण्याचा डुचमळणारा आवाज आला तर अंगाला चीर आहे. प्लास्टिकच्या दमुईला पाठीवरून आणि पोटावरून दोन अर्धे जोडल्याची रेघ दिसते, चीर बहुधा तिथेच पडते. लाकडी दमुईला ही रेघ नसते. त्याचा रंग उडाला असेल तर लाकूड पाणी पितं आणि फुगतं. आधी चार-पाच दिवस सावलीत सुकवा, मग दोन भागांचं इपॉक्सी लावा. थर पातळ हवा, जाड थराने वजन वाढतं आणि चाल बिघडते.

झालरवाले आणि चमचे

झालरवाल्यांत डोकं बघायचं. गोळीसारखं टोकदार डोकं सरळ चालतं आणि खवळलेल्या पाण्यातही टिकतं. आरपार भोकं असलेलं डोकं मागे बुडबुड्यांची रेघ सोडतं. तिरकं कापलेलं डोकं डावी-उजवीकडे झेपा घेतं. वाटीसारखं डोकं पाणी उडवतं, त्याला शांत समुद्र हवा. हे सगळे ६ ते ८ नॉटला चालतात. डोक्यामधून तंगूस जातो त्या भोकाची कड बोटाने चाचपा. खरखरीत लागली तर आत बारीक प्लास्टिकची नळी घाला, नाहीतर तीच कड तंगूस कापेल. झालर चिकट झाली असेल तर ती गेली, नवी घाला. रबरी झालरी आणि प्लास्टिकचे दमुई एका डब्यात ठेवू नका. रबर रंग खातं आणि दोन्ही वाया जातात.

चमचा ३ ते ५ नॉटला ओढावा. तो डुलला पाहिजे, फिरता कामा नये. फिरायला लागला की वेग कमी करा. पुढे चांगली बेअरिंगवाली फिरकी, म्हणजे स्विव्हल, लावाच.

ताकद तपासा : ही पायरी सोडू नका

हे मी ठोकर खाऊन शिकलो. एका डब्यात मला निळ्या पाठीचा सुंदर दमुई मिळाला होता, रंग नव्यासारखा. गळ तेवढे बदलले आणि नेला. अश्दोदसमोर चांगली मोठी सुरमई लागली. बोटीजवळ आली, आम्ही तिघांनी डोळ्यांनी पाहिली, आणि तंगूस एकदम सैल. वर काढलं तर दमुई आहे, पण पोटाची कडी मुळापासून उपटलेली. ती साधी स्क्रूची कडी होती, आतून गंजलेली. मासा गेल्याचं दुःख दोन दिवसांत सरलं. पण तो तोंडात तीन काट्यांचा गळ घेऊन गेला, ना आमच्या पानात आला ना धड जगायला मोकळा झाला, हे मनातून जात नाही. आपल्याला त्साअर बआले हयीम शिकवलं आहे, मुक्या जीवाला उगाच यातना देऊ नयेत. माझा दहा मिनिटांचा आळस त्या माशाने भोगला.

म्हणून आता मी असं करतो.

कडी पक्कडीने हलकेच फिरवून बघतो. फिरली तर ती स्क्रूची आहे. असा दमुई मोठ्या माशासाठी वापरत नाही. चांगल्या दमुईत नाकापासून शेपटीपर्यंत आतून एकच तार गेलेली असते आणि कड्या त्या तारेलाच असतात. त्या फिरत नाहीत.

मग नाकाची कडी भिंतीतल्या मजबूत खिळ्याला अडकवून, पोटाच्या कडीला बॅगा मोजायचा हातकाटा लावतो आणि हळूहळू १० किलोपर्यंत ओढतो. शेपटीच्या कडीचंही तसंच. डोळ्यांवर चष्मा पाहिजेच, आणि या वेळी गळ लावलेले नकोत. जो तुटायचा तो घरीच तुटू दे.

स्प्लिट रिंगा, म्हणजे किल्लीच्या असतात तशा दुहेरी रिंगा, सगळ्या नव्या घालतो. गळ खाऱ्या पाण्याचे, जुन्यांच्याच मापाचे आणि वजनाचे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही तोलून बघा. जड गळांनी तरंगणारा दमुई बुडणारा होतो आणि त्याचं डुलणंही मरतं.

पाण्यातली परीक्षा

शांत पाण्यात दमुई बोटीच्या बाजूला चार-पाच मीटरवर सोडा. २ नॉटपासून सुरू करून अर्ध्या-अर्ध्या नॉटने वेग वाढवा. काठीचं टोक एकसारखं थरथरत असेल तर चाल बरोबर आहे. एका वेगाला तो आडवा होऊन पाण्याबाहेर उडी मारेल. त्याच्या एक नॉट खाली तुमची मर्यादा. बहुतेक ओठवाले ३ ते ६ नॉटमध्ये खूश असतात.

दमुई एकाच बाजूला पळत असेल तर त्याचं तोंड आपल्याकडे करून धरा आणि तो ज्या बाजूला पळत होता त्याच्या उलट बाजूला नाकाची कडी किंचित वाकवा. किंचित म्हणजे केसभरच. पुन्हा पाण्यात सोडून बघा.

जो पास झाला त्याच्या पोटावर पक्क्या शाईने नंबर घाला आणि वहीत लिहा : माप, वजन, तरंगतो की बुडतो, खोली, वेग. झालं, बिननावाच्या दमुईला नाव मिळालं. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ साली पहिला दमुई बुचाच्या लाकडातून हाताने कोरला, त्यावर तरी कुठलं लेबल होतं? जखमी माशासारखं डुलणं त्याला जमलं, एवढं मासळीला पुरलं.

कोणता कशाला

टुनितसाठी ७ ते ११ सेंटिमीटरचे, ५ ते ७ नॉट. इंतियास खाली राहतो, त्याला खोल जाणारा दमुई आणि ३ ते ४ नॉट. सुरमईसाठी १२ ते १८ सेंटिमीटरचे, ४ ते ६ नॉट. सुरमईचे दात वस्तऱ्यासारखे, म्हणून पुढे फूटभर तार लावा.

इथे जिला पलामिदा लवाना म्हणतात ती आपलीच सुरमई. सुएझ कालवा १८६९ साली उघडला, त्यातून तांबड्या समुद्रातले पुष्कळ मासे या समुद्रात आले, त्यातच ही. म्हणजे तिनेही आपल्यासारखी अलियाह केली म्हणायची! पर आणि खवले दोन्ही असल्याने ती आपल्याला चालते. खवले अगदी बारीक असतात, नीट बघावे लागतात.

त्याच वाटेने केंडही आला आहे. दमुईवर चोचीने तोडल्यासारखे खोल चावे दिसले, गळाची दांडी कापलेली आढळली, तर समजा केंड होता. तो चुकूनही खाऊ नका, दुसऱ्याला देऊ नका. त्याचं विष शिजवल्याने जात नाही. इस्रायलमध्ये त्याची विक्री बंद आहे.

शेवटचं

मासा बोटीत घेताना इंजिन न्यूट्रलला घ्या, जाळी वापरा आणि गळ लांब पक्कडीनेच काढा. गळाचा काटा कोणाच्या हातात शिरून आत अडकला तर उपटू नका. तंगूस कापा, गळ तसाच राहू द्या आणि डॉक्टरकडे जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. जुन्या दमुईत शिसं असतं, म्हणून हाताळल्यावर हात धुवा आणि नातवंडांना खेळायला देऊ नका. निघण्यापूर्वी बोटीचे आणि मासेमारीचे परवाने, बंदीचे महिने आणि राखीव भाग संबंधित सरकारी विभागांकडून बघून घ्या. नियम बदलत असतात.

तो निळा दमुई मी अजून ठेवला आहे, गळ न लावता, वहीच्या शेजारी. नवा डबा उघडला की आधी त्याच्याकडे नजर जाते, आणि मग हातकाटा काढतो.