घराची दुरुस्ती : ठेकेदार निवडताना

कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले गगनबावडा जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. येथील जुन्या घराची दुरुस्ती म्हणजे पावसाशी लावलेली शर्यतच. उतरवलेले छप्पर जूनपूर्वी पुन्हा चढले नाही, तर मातीच्या भिंती एका पावसाळ्यात ढासळू शकतात. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या आणि गावचे घर दूर राहून दुरुस्त करून घेणाऱ्या कुटुंबांनी म्हणूनच ठेकेदाराची निवड विचारपूर्वक करावयास हवी.

पाहणी कधी करावी?

ठेकेदाराने केलेली किमान दोन-तीन कामे प्रत्यक्ष पाहावीत आणि तीही भर पावसात. उन्हाळ्यात प्रत्येक छप्पर चांगलेच दिसते; कौलांच्या सांध्यांतून होणारी गळती, पन्हळीचा चुकलेला उतार आणि जोत्यालगतची ओल जुलै-ऑगस्टमध्येच उघडी पडते. त्या घरमालकांना काम वेळेत झाले का, मध्येच रक्कम वाढवून मागितली का, तक्रारीनंतर ठेकेदार परत आला का, हे आवर्जून विचारावे. पावसाळ्यात निवड, दिवाळीनंतर कामास प्रारंभ आणि मेच्या मध्यापर्यंत छप्पर पूर्ण, असा क्रम येथे सोयीचा ठरतो.

अंदाजपत्रक

किमान तीन ठेकेदारांकडून लेखी अंदाजपत्रके घ्यावीत. मात्र तिघांनाही कामाची एकच यादी द्यावी, अन्यथा तुलना व्यर्थ ठरते. काम केवळ मजुरीवर आहे की मालासह, हे स्पष्ट असावे. मालासह असल्यास लाकडाची जात, सिमेंटचा प्रकार, कौले आणि पाइप यांचा दर्जा नमूद करून घ्यावा. छपराचे माप जमिनीवरील क्षेत्रफळाने धरायचे की उताराने, हा वादाचा नेहमीचा मुद्दा. तीस अंशांच्या उतारावर १,००० चौरस फुटांचे छप्पर प्रत्यक्षात सुमारे १,१५५ चौरस फूट भरते; पागोळीपुढचा भाग आणखी वेगळा. सर्वांत कमी दर देणाऱ्याने नेमके काय वगळले आहे, हेही तपासावे. जुने वासे काढल्यावर वाळवी आढळल्यास वाढीव कामाचा दर आधीच ठरवलेला बरा.

करार आणि हप्ते

करारात कामाचा तपशील, मुदत, दर आणि विलंबाची भरपाई असावी. उचल माफक द्यावी आणि पुढील रक्कम कामाच्या टप्प्यांनुसार, शक्यतो बँकेमार्फत अदा करावी. अखेरचा पाच ते दहा टक्के हप्ता एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवण्याची अट येथे विशेष उपयुक्त ठरते. काँक्रीटवर पाणी मारण्याची जबाबदारी कोणाची, हेही लिहावे. 'आयएस ४५६ : २०००' या मानकानुसार साध्या सिमेंटसाठी किमान सात आणि मिश्र सिमेंटसाठी किमान दहा दिवस काँक्रीट ओले ठेवावे लागते. भिंती पाडायच्या किंवा मजला चढवायचा असल्यास आधी ग्रामपंचायतीकडे परवानगीची चौकशी करावी आणि अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

वाद झाल्यास

स्वतःच्या घराची खासगी दुरुस्ती 'रेरा'च्या कक्षेत येत नाही. मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेबद्दल दाद मागता येते. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत करावी लागते; पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. तक्रारदार जेथे राहतो, तेथील आयोगाकडेही ती करता येते, ही शहरवासीयांसाठी मोठी सोय आहे. अर्थात त्यासाठी करार, पावत्या आणि प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे हाताशी हवीत. तोंडी व्यवहारात विश्वास असतो, पुरावा नसतो.