कुलूप ओढून पाहण्याची सवय

कडी-कोयंड्याला कुलूप लावले की ते एकदा ओढून पाहायचे, ही आमच्या पिढीची सवय. मुलाच्या नव्या गाडीचे बटण दाबले की ‘खट्’ आवाज होतो, दिवे लुकलुकतात, झाले! तरी मी हँडल ओढून पाहतोच. मास्तर ना, गणिताचा ताळा केल्याशिवाय चैन पडत नाही.

प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपात खुंट्या पडून अडसर अडकायचा आणि किल्लीने त्या वर उचलायच्या. हेच तत्त्व धातूत आणून अमेरिकेच्या लायनस येल (धाकटे) यांनी १८६१ साली पेटंट घेतले. १९५६ मध्ये पॅकार्ड मोटारीची दारे विजेवर बंद होऊ लागली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या रेनो फ्युएगोला लांबूनच उघडणारे रिमोट आले. किल्लीचा आणि कुलपाचा स्पर्शच संपला.

पण घराच्या कुलपाला फक्त चोराची काळजी. गाडीच्या कुलपाला आतल्या माणसाचीही घ्यावी लागते. म्हणून मागच्या दारांना चाइल्ड लॉक असते. ते लावले की दार आतून उघडत नाही, बाहेरून उघडते. धावत्या गाडीत ते पोराचे रक्षण करते, पण उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तेच जिवावर बेतू शकते. म्हणून मूल गाडीत एकटे ठेवायचे नाही, अगदी दोन मिनिटेसुद्धा.

तेव्हा मंडळी, नव्या गाडीचे पेढे वाटण्याआधी घरातल्या सगळ्यांना आतून दार कसे उघडायचे ते शिकवा. आणि उतरल्यावर हँडल ओढायच्या आधी मागची सीट बघा.