अझाझींच्या माथी मारलेलं अपयश

जनरल ओवोये अझाझी यांचं नाव नायजेरियात निघालं की पाठोपाठ ठरलेला शेरा येतो: उत्तरेतली बोको हराम ही अतिरेकी संघटना आवरता आली नाही म्हणून घरी बसवलेले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. हा पूर्वपक्ष तीन पायांवर उभा आहे. राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन बायेल्सा राज्यातले, इजॉ जमातीचे, आणि अझाझीही तसेच. म्हणजे आपल्या माणसाची सोय लावली. दुसरं, नायजर नदीच्या मुखाजवळच्या खाड्यांत वाढलेल्या माणसाला कोरड्या उत्तरेचं काय कळणार? तिसरा पाय रक्ताचा. अझाझींच्या काळात राजधानी अबुजात आधी पोलीस मुख्यालयावर आणि मग संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीवर स्फोट झाले, २०११ च्या नाताळात अबुजाजवळच्या मडालाच्या चर्चवर हल्ला झाला, आणि २० जानेवारी २०१२ ला एकट्या कानोत दीडशेहून अधिक माणसं मेली.

पहिले दोन पाय लवकर मोडतात. अझाझी हे लष्करी गुप्तवार्ता विभागाचे माजी संचालक. उत्तरेतल्या कडुना इथे त्यांनी पहिल्या डिव्हिजनचं नेतृत्व केलं, २००६ मध्ये ते लष्करप्रमुख झाले आणि पुढच्याच वर्षी तिन्ही दलांचे प्रमुख. एवढ्या सेवेनंतर नुसती जमात बघायची असेल तर खुशाल बघावी. शिवाय त्यांची नेमणूक झाली ४ ऑक्टोबर २०१० ला. त्याआधी तीनच दिवस, स्वातंत्र्याच्या पन्नाशीच्या सोहळ्याच्या वेळी अबुजात गाड्यांचे स्फोट झाले होते आणि जबाबदारी घेतली होती ती खाडीप्रदेशातल्या ‘मेंड’ संघटनेने. त्या घडीला खाडीची नस ओळखणारा माणूस शोधला, यात नवल ते काय?

तिसरा पाय जड आहे. पण सल्लागाराच्या हाताखाली फौज नसते, ठाणी नसतात, तुरुंग नसतात. तो समन्वय करतो, कानावर घालतो, अंमल इतरांचा. मडाला प्रकरणातला मुख्य संशयित कबिरू सोकोतो जानेवारी २०१२ मध्ये अबुजात पकडला गेला. घरझडतीसाठी नेताना तो पोलिसांच्या हातून निसटला, आणि फेब्रुवारीत पुन्हा सापडला. आरोपी हाती लागला होता, राखता आला नाही. या प्रकरणानंतर पोलीस महानिरीक्षकांची उचलबांगडी झाली, ती योग्यच. पण त्याच हिशेबात सल्लागारालाही धरणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

अझाझींचे चाहते मात्र त्यांना सत्यवक्ता हुतात्मा करू पाहतात. तेही मला पटत नाही. २७ एप्रिल २०१२ ला असाबाच्या परिषदेत त्यांनी सत्ताधारी पीडीपीलाच सुनावलं: उमेदवारीला कोण चालेल, कोण नाही, हे ठरवण्याच्या पक्षाच्या राजकारणातून हिंसा वाढली. हे बोलायला छाती लागते, कबूल. पण ते फार तर अर्धंच खरं होतं. बोको हरामचा संस्थापक मोहम्मद युसूफ जुलै २००९ मध्ये मैदुगुरीत पोलिसांच्या ताब्यात मारला गेला आणि संघटना सूडाला पेटली, ती २०११ च्या निवडणुकीच्या कितीतरी आधी. गुप्तवार्तेत हयात घालवलेल्या माणसाने हे विसरायला नको होतं. आणि डागच शोधायचा तर तो कडुनात आहे. तिथल्या शस्त्रागारातून वर्षानुवर्षं बंदुका चोरून खाडीतल्या बंडखोरांना विकल्या गेल्या. २००८ मध्ये एका मेजरसह काही सैनिकांना जन्मठेप झाली. या चोऱ्यांच्या काळात काही दिवस तिथल्या डिव्हिजनची सूत्रं अझाझींकडे होती. त्यांना जाब विचारायचा तर इथे, आणि नेमका इथेच टीकाकारांचा आवाज बसतो.

असाबाच्या भाषणानंतर आठ आठवड्यांत, २२ जून २०१२ ला, संरक्षणमंत्र्यांसह त्यांना काढलं. पाचच दिवस आधी कडुना आणि झारियातल्या चर्चवर हल्ले झाले होते, तेव्हा भाषण हेच कारण असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. १५ डिसेंबरला एका अंत्यविधीहून परतताना बायेल्सातच नौदलाचं हेलिकॉप्टर कोसळलं. कडुनाचे गव्हर्नर पॅट्रिक याकोवा यांच्याबरोबर अझाझीही गेले.

दोष सल्लागाराचा होता, तर सल्लागार बदलल्यावर उतार पडायला हवा होता. त्यांच्या जागी आलेले उत्तरेतले सांबो दासुकी पुढे, २०१५ मध्ये, शस्त्रखरेदीच्या पैशांच्या गैरव्यवहाराच्या आरोपाखाली पकडले गेले. आणि ते पदावर असतानाच, १४ एप्रिल २०१४ च्या रात्री, बोको हरामने चिबोकच्या शाळेतून २७६ मुली पळवून नेल्या.